ताळा जुळला, उत्तर चुकलं: असमानतेत ऋण किंमत ठेवतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीची गणिताची शिकवणी घेते. येणारी बहुतेक मुलं मराठी माध्यमातून दहावी झालेली असतात. सायन्सला गेली की पुस्तक एका रात्रीत इंग्रजी होतं आणि 'क्षच्या जागी −३ ठेवा' याचं 'व्हॅल्यू पुट करा' होतं. माझ्याकडे मात्र सगळं मराठीत चालतं.

हे प्रकरण त्यातल्याच एका मुलीचं आहे. ओळख पटू नये म्हणून आजूबाजूचे तपशील बदलले आहेत. दहावीला तिला गणितात उत्तम गुण होते, अक्षर नेटकं आणि वही तर दाखवण्यासारखी. प्रत्येक गणिताखाली 'ताळा' असा मथळा घालून त्याखाली रेघ ओढायची तिची सवय. शाळेत कुणीतरी ती लावली होती आणि तिने ती सोडली नव्हती. पुढे जे झालं त्यात या चांगल्या सवयीचाच मोठा वाटा आहे.

असमानतेचा (एक बाजू दुसरीपेक्षा लहान किंवा मोठी आहे असं सांगणाऱ्या मांडणीचा) धडा सुरू करताना मी वर्गाला एक घोषवाक्य दिलं होतं: 'ऋण आलं, चिन्ह फिरलं.' असमानतेच्या दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की < चं > होतं, हे मुलं हमखास विसरतात, म्हणून ही युक्ती. मुलांना आवडली. मागच्या बाकावरचे तर कोरसमध्ये म्हणायचे. मलाही ती आवडली होती, हे कबूल करते.

अडचण

धडा संपल्यावर छोटी चाचणी घेतली. या मुलीची काही गणितं अगदी बरोबर, काही साफ चूक. ५क्ष − ३ > ७ बरोबर. ४ − ३क्ष ≥ −११ बरोबर, म्हणजे चिन्ह फिरवायची जागाही तिला कळत होती. पण ३क्ष + १४ < २ चूक आणि ७ − २क्ष < १५ हेही चूक. या शेवटच्या गणितात तिने आधी क्ष > −४ असं बरोबर उत्तर लिहिलं होतं, मग त्यावर एक रेघ मारून शेजारी क्ष < −४ लिहिलं होतं.

मी गुण कापले, शेजारी 'घाई नको' असा शेरा लिहिला आणि पुढचा पेपर उचलला. खोडलेल्या उत्तरावर माझी नजर क्षणभरही थांबली नाही.

दोन दिवसांनी ती वही घेऊन आली. "मॅडम, मी घाई नव्हती केली. ताळा करून बघितलाय. ताळा बरोबर येतोय, तरी उत्तर चूक कसं?"

वही उघडली. पहिलं गणित तिने असं सोडवलं होतं:

३क्ष + १४ < २
३क्ष < −१२
क्ष > −४

उजव्या बाजूला −१२ आलं, म्हणजे 'ऋण आलं', म्हणून तिने चिन्ह फिरवलं. प्रत्यक्षात भागलं होतं धन ३ ने, तेव्हा फिरवायचं कारण नव्हतं. खरं उत्तर क्ष < −४. इथपर्यंत चूक नेहमीची, दर वर्षी चार-दोन मुलं करतात. पण त्याखाली ताळा होता. तिच्या उत्तरात बसणारी −३ ही संख्या तिने घेतली होती:

३(−३) + १४ = ५

आता प्रश्न एवढाच उरतो की ५ < २ हे खरं आहे का. नाही. ताळ्याने इथे चूक पकडायला हवी होती. पण तिने पुढे लिहिलं होतं: 'ऋण किंमत ठेवली, म्हणून चिन्ह फिरेल. ५ > २. ताळा जुळला.'

दुसऱ्या गणितात हेच उलट्या दिशेने झालं होतं. ७ − २क्ष < १५ वरून −२क्ष < ८ आणि मग क्ष > −४, अगदी बरोबर. ताळ्याला तिने −१ घेतलं: ७ − २(−१) = ९. ९ < १५ खरंच आहे. पण ऋण किंमत ठेवली म्हणून तिने चिन्ह फिरवलं, ९ > १५ झालं, ताळा 'चुकला' आणि तिने स्वतःचं बरोबर उत्तर खोडलं.

थोडक्यात, ज्या नियमाने उत्तर बिघडवलं तोच नियम ताळ्यात बसून बिघडलेल्या उत्तराला पास करत होता आणि बरोबर उत्तराला नापास. उत्तराची सीमा, म्हणजे क्ष ज्या संख्येपेक्षा लहान वा मोठा निघतो ती संख्या, धन असली की ती ताळ्याला धन संख्या घ्यायची आणि सगळं सुरळीत चालायचं. सीमा ऋण आली की ताळ्यालाही ऋण संख्या यायची आणि गाडं उलटं फिरायचं. मला निष्काळजीपणा वाटला होता. निघाली होती शिस्त, चुकीच्या नियमाने कसोशीने पाळलेली.

मी विचारलं, "−३ मोठं की −४?"
"−३."
"९ हे १५ पेक्षा लहान आहे का?"
"हो."
"मग इथे उलटं का लिहिलंस?"
"ऋण ठेवलं ना मॅडम. तुम्हीच म्हणालात."

पुढच्या तासाला सगळ्या वर्गाला वह्या उघडायला लावल्या. ताळा करणारी मुलं मुळात थोडी, पण जी करत होती त्यांच्यातल्या आणखी काही जणांनी हाच प्रकार केला होता. उरलेल्यांचा गोंधळ दिसला नाही, कारण ती ताळाच करत नव्हती.

मूळ कुठे होतं

मराठी वर्गात 'चिन्ह' हा एक शब्द किती कामं करतो ते पाहा. −५ मधला उणे हे संख्येचं चिन्ह. समीकरणात पद एका बाजूकडून दुसरीकडे नेलं की 'बाजू बदलली, चिन्ह बदललं', ते अधिक-उणेचं चिन्ह. आणि < किंवा > हेसुद्धा चिन्हच. माझ्या घोषवाक्यात 'चिन्ह फिरलं' म्हणजे यातलं कोणतं, हे मला माहीत होतं. मुलांनी ते आपापल्या परीने भरून घेतलं.

'आलं' हा शब्द त्याहून वाईट. ऋण कुठे आलं? गुणताना, भागताना, बेरजेत, उत्तरात, की ठेवलेल्या किमतीत? घोषवाक्य त्याबद्दल काहीच बोलत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा: नियम पुन्हा नीट सांगायचा आणि तीस-चाळीस गणितं सोडवून घ्यायची. पण सराव तिचा कमी नव्हताच. बिघडलेल्या ताळ्यासकट आणखी चाळीस गणितं केली असती तर चूक पक्की झाली असती.

दुसरा पर्याय पुष्कळ क्लासवाले वापरतात. क्षचा सहगुणक (क्षला गुणणारा आकडा) कधी ऋण होऊच द्यायचा नाही. ७ − २क्ष < १५ असेल तर २क्ष उजवीकडे न्यायचा, १५ डावीकडे आणायचा, −८ < २क्ष, म्हणून −४ < क्ष. कुठे चिन्ह फिरवायचं कामच नाही. मला ही पद्धत पटते, मी स्वतः घाईत हेच करते. पण दोन गोष्टी अडल्या. एक, तिच्या ताळ्याचं दुखणं यात तसंच राहतं. दोन, क्ष छेदात गेला की ही वाट बंद होते.

तिसरा पर्याय: 'ताळ्याला ऋण संख्या घ्यायचीच नाही, शून्य किंवा धन घ्या.' एका सहकाऱ्याने हे सुचवलं. परीक्षेपुरतं चाललंही असतं. पण ऋण संख्या ठेवता येणं हीच तर या प्रकरणाची चावी आहे. एमएचटी-सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी १ मिनिट ४८ सेकंद. दिलेल्या पर्यायांमध्ये एखादी ऋण संख्या ठेवून दोन पर्याय एका फटक्यात बाद करणं हे तिथलं मोठं हत्यार. ते मुलांच्या हातून काढून घेणं मला पटलं नाही.

चौथा पर्याय वेळखाऊ होता. घोषवाक्य मागे घ्यायचं, 'दोन्ही बाजूंवर क्रिया करणं' आणि 'किंमत ठेवून विचारणं' ही दोन वेगळी कामं आहेत हे दाखवायचं आणि त्यासाठी अभ्यासक्रम आठवडाभर थांबवायचा. दिवाळीच्या आधी आठवडा घालवणं मला जड जात होतं. तरी हाच निवडला. निम्मं कारण असं की घोषवाक्य माझं होतं.

काय केलं

व्हरांड्यात शहाबादी फरशी आहे. मधल्या फरशीवर खडूने शून्य काढलं, उजवीकडे १ ते ५, डावीकडे −१ ते −५. दोन मुलींना २ आणि ५ वर उभं केलं. उजवीकडे कोण? पाचवाली. म्हणजे २ < ५.

"आता दोघींनी −३ मिळवा." दोघी तीन-तीन फरश्या डावीकडे सरकल्या, −१ आणि २ वर. उजवीकडे अजून तीच. ऋण 'आलं' होतं, पण काही फिरलं नाही. ३क्ष + १४ < २ मध्ये १४ वजा करताना नेमकं हेच होतं: दोन्ही बाजू सारख्याच सरकतात, क्रम तोच राहतो.

"परत जागेवर. आता −१ ने गुणा." दोघी शून्य ओलांडून पलीकडे गेल्या, तेवढ्याच अंतरावर. दोनवाली −२ वर, पाचवाली −५ वर. उजवीकडे आता दोनवाली. आमच्या मुलीने पटकन म्हटलं, "दोघी पलीकडे गेल्या म्हणून क्रम उलटला."

मग ताळा. ३क्ष + १४ < २ मध्ये −३ ठेवलं की डावीकडे ५ येतात, उजवीकडे २ आहेतच. एक जण ५ वर, दुसरी २ वर उभी राहिली. "डाव्या बाजूची २ च्या डावीकडे आहे का?" नाही. झालं, संपलं. "आत्ता कुणी चाललं का?" मी विचारलं. कुणीच नाही. कुणी शून्य ओलांडलं नव्हतं, तेव्हा फिरायचा प्रश्नच नव्हता. किंमत ठेवणं म्हणजे कुणाला हलवणं नाही, आहे ते खरं की खोटं एवढंच विचारणं.

यानंतर वर्गात तीन बदल केले.

< आणि > यांना 'चिन्ह' म्हणणं बंद. प्राथमिकला मुलं यांना चोच म्हणतात, तोच शब्द परत आणला. 'चिन्ह' फक्त अधिक-उण्यासाठी. अकरावीतल्या मुलांना आधी हसू आलं. एका मुलाने तर कॉलेजच्या वहीत 'चोच फिरवली' असं लिहून दिलं आणि तिथल्या सरांनी मला फोन करून हे काय प्रकरण आहे ते विचारलं.

दुसरं, ताळा करताना चोचीच्या डोक्यावर प्रश्नचिन्ह काढायचं. निकाल लागेपर्यंत चोचीला हात लावायचा नाही.

तिसरं, आधी कंस, मग आकडा. क्ष पुसून तिथे रिकामा कंस काढायचा, ७ − २( ), आणि मग त्यात −१ भरायचा. वाचताना हे पोरकट वाटेल. पण मुलीच्या जुन्या पानांवर एके ठिकाणी ७ − २ − ५ = ० असं सापडलं होतं. तिला ७ − २(−५) = १७ लिहायचं होतं. कंस गेला आणि गुणाकाराची वजाबाकी झाली.

कंसाचं महत्त्व संख्येचा वर्ग करताना सगळ्यात जास्त कळतं. क्ष² > ४ मध्ये −३ बसतो का? कंसासकट (−३)² = ९, बसतो. कंसाशिवाय −३² = −९, बसत नाही. मुलांनी सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर −३² दाबलं, −९ आलं. एकीने भावाच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये बरोबरचं चिन्ह देऊन तेच टाकलं, तर ९ आलं. यंत्रं खोटं बोलत नाहीत, दोघांचे संकेत वेगळे आहेत: कॅल्क्युलेटर आधी वर्ग करतो, एक्सेल आधी उणे लावतं. कंस घातला की दोघांचं एकमत. या एका विसंगतीने जे काम केलं ते माझ्या दहा सूचनांनी झालं नसतं.

इथे थोडं विषयांतर. आमच्याकडून चाळीसगावजवळचं पाटणे लांब नाही. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, उभारलेल्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख तिथे आहे. त्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात माकडांचं एक गणित येतं: कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून वर्ग केला तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय, तर एकूण किती? उत्तरं दोन, ५० आणि ५. पाच ठेवून पाहा: पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले −२, वर्ग ४, फांदीवरचं १ मिळवून ५. ताळा चोख जुळतो. तरी भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर बाजूला ठेवलं, कारण एका माकडातून तीन माकडं वजा होणं लोकांना पटत नाही. हे सांगितल्यावर वर्गात चांगला वाद झाला. आमची मुलगी ५ च्या बाजूने भांडत होती.

मध्येच आलेली अडचण

सगळं सुरळीत झालं असं नाही. पुढच्या चाचणीत तिने −५क्ष > २० चं उत्तर क्ष > −४ लिहिलं. जिथे चोच खरोखर फिरवायची तिथेच आता फिरवली नव्हती. घोषवाक्यावरचा विश्वास उडाला आणि त्यासोबत त्यातला खरा भागही गेला. हा धोका मी धरलाच नव्हता.

पण त्याखाली ताळा होता. शून्य ठेवलेलं, प्रश्नचिन्हासकट: −५(०) > २०? ० > २०? नाही. उत्तर खोडून क्ष < −४. मग −५ ठेवून पुन्हा: २५ > २०, हो. तिने उत्तर खोडलेलं मी दुसऱ्यांदा पाहत होते, या वेळी बरोबर दिशेने. गुण पूर्ण दिले.

तेव्हापासून ताळ्याचा क्रम ठरवला: आधी शून्य, मग सीमेच्या दोन्ही बाजूंची एकेक संख्या, ≤ किंवा ≥ असेल तर सीमा स्वतः. सीमाच शून्य असली तर अर्थातच दुसरी संख्या.

निष्पत्ती

नोव्हेंबरात छेदात क्ष असलेली असमानता सुरू केली. १/क्ष < २. वर्गातल्या जवळपास सगळ्यांनी दोन्ही बाजूंना क्षने गुणून १ < २क्ष आणि क्ष > १/२ असं लिहिलं. तिनेही. मी मुद्दाम काही बोलले नाही.

तिने ताळ्याला १ घेतलं, बसलं. मग सीमेच्या दुसऱ्या बाजूचं म्हणून −१ घेतलं. हे बसायला नको होतं. १/(−१) = −१. −१ < २? खरं.

"मॅडम, −१ उत्तरात नाही, पण बसतोय."

आम्ही क्षने गुणलं होतं आणि क्ष धन की ऋण हे माहीतच नव्हतं. धन असेल तर चोच तशीच, क्ष > १/२. ऋण असेल तर दोन्ही बाजू पलीकडे जातात, चोच फिरते, १ > २क्ष, आणि क्ष ऋण असल्याने ते खरंच असतं. म्हणजे शून्याखालची एकूणएक संख्या चालते. उत्तर: क्ष < ० किंवा क्ष > १/२. दुसऱ्या पर्यायातली युक्ती, सहगुणक धन ठेवायची, इथे निरुपयोगी ठरली असती. अर्धी संख्यारेषा हातातून निसटत होती ती एका −१ मुळे सापडली.

हाच प्रश्न चार पर्यायांसह दिला: क्ष > १/२, क्ष < १/२, क्ष < ० किंवा क्ष > १/२, ० < क्ष < १/२. −१ बसतो, म्हणून पहिला आणि चौथा बाद. १ बसतो, म्हणून दुसरा बाद. काही न सोडवता उत्तर हाती.

पुन्हा करायचं झालं तर

घोषवाक्य देणार नाही. किंवा द्यायचंच तर लांबलचक देईन: 'दोन्ही बाजूंना ऋणाने गुणलं वा भागलं, तरच चोच फिरवा.' यमक नाही, गंमत नाही, पण भोकही नाही.

नियमाच्या आधी किंमत ठेवायला शिकवेन. सूत्रं सांगण्याआधी नुसती एक असमानता आणि दहा संख्या द्यायच्या, त्यातल्या निम्म्या ऋण, आणि कोणत्या बसतात ते शोधायला सांगायचं. मी ताळा शेवटी शेपटासारखा लावला, म्हणून नियमाने तो गिळला.

पेपर तपासताना खोडलेलं वाचेन. 'घाई नको' लिहायला मला दोन सेकंद लागले. खोडाखोड वाचायला दोन मिनिटं लागली असती आणि मुलीला दोन दिवस स्वतःला निष्काळजी समजावं लागलं नसतं. याबद्दल मी तिची माफी मागितली. ती एवढी गोंधळली की "असू द्या मॅडम" म्हणून पळालीच.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. चार-चार संख्यांचा ताळा म्हणजे वेळ, आणि परीक्षेत तो नसतो. सराव परीक्षेत तिचे शेवटचे काही प्रश्न राहून गेले. सध्या असं ठरवलंय की ताळा फक्त तीन ठिकाणी: ऋण संख्येने भागलं असेल तिथे, छेदात क्ष असेल तिथे आणि वर्ग असेल तिथे. बाकी ठिकाणी ती ताळा करायची थांबेल का, याची मला शंका आहे. परवाच्या कागदावर ५क्ष > १० च्या खालीही रेघ होती, 'ताळा' हा मथळा होता आणि चोचीच्या डोक्यावर छोटंसं प्रश्नचिन्ह.